विमा संपला आणि गाडी ठोकली: १ लाख ९२ हजारांचं एस्टिमेट कसं वाचायचं

प्रश्न: काका, मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. गाडी हॅचबॅक, नोव्हेंबर २०२३ ची, बँकेचं कर्ज चालू आहे. मागच्या आठवड्यात पावसात खंडवा रोडवर सिमरोलच्या अलीकडे पुढची पिकअप एकदम थांबली. मी तिच्यावर आदळलो आणि तेवढ्यात मागून एक कार माझ्यावर येऊन धडकली. कुणाला लागलं नाही. घरी येऊन बघतो तर विमा गेल्या नोव्हेंबरातच संपलेला. कंपनीच्या वर्कशॉपने १ लाख ९२ हजारांचं एस्टिमेट दिलंय, त्याची यादी आणि फोटो सोबत पाठवतोय. पिकअपवाला १२ हजार मागतोय, मागचा म्हणाला आपापलं बघू. एक ओळखीचा म्हणतो, आत्ता पॉलिसी काढ आणि अपघात पुढच्या आठवड्यातला दाखव. आईची एफडी मोडू, की कार्डावर हप्ते करून घेऊ?

उत्तर:

आधी पॉलिसीचा कागद शोधा. मोबाइलवर आलेला मेसेज चालणार नाही, गाडी घेतली तेव्हाचा मूळ कागद हवा. त्यावर तारखांच्या दोन ओळी असतात. एक तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची, म्हणजे ओन डॅमेजची, आणि दुसरी थर्ड पार्टीची, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र बहुतेक लोक वर्षावर्षाचं घेतात. तुमची गाडी नोव्हेंबर २०२३ ची, म्हणजे तुमचं ओन डॅमेज संपलं असलं तरी थर्ड पार्टी नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालू असायला हवं. एम-परिवहन ॲपवर स्वतःच्या गाडीचा नंबर टाकून खात्री करून घ्या.

याने काय फरक पडतो? पुष्कळ पडतो. एक तर तुम्ही बिनविम्याची गाडी चालवत नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ला थर्ड पार्टी विमा हवा असतो आणि तो तुमच्याकडे आहे. तो नसता तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही होऊ शकलं असतं. दुसरं म्हणजे पिकअपचं नुकसान ही तुमच्या थर्ड पार्टी विम्याची बाब आहे. खाजगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतची सोय असते. म्हणून पिकअपवाल्याच्या हातावर लगेच १२ हजार ठेवू नका. आधी तुमच्या विमा कंपनीला अपघात लेखी कळवा, पोहोच घ्या. कंपनीला न विचारता तुम्ही परस्पर केलेली तडजोड कंपनीवर बंधनकारक नसते. १२ हजारांसाठी पिकअपवाला अपघात दाव्यांच्या ट्रायब्युनलपर्यंत जाईल असं मला वाटत नाही, त्यामुळे शेवटी थोडं खाली येऊन आपसात मिटवणं तुम्हाला सोयीचं पडेल. मिटवलंत तर त्याच्या गाडीचा नंबर, तारीख, रक्कम आणि "आता काही मागणी नाही" हे एक वाक्य कागदावर लिहून सही घ्या, आणि पैसे रोख न देता खात्यावर टाका.

आता त्या ओळखीच्या माणसाचा सल्ला. तो अजिबात ऐकू नका. ही सरळ फसवणूक आहे, आणि हे मी कायद्याची भीती घालायला लिहीत नाही. विम्यात खंड पडला की नवीन ओन डॅमेज देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी करते, फोटो घेते. ठोकलेली गाडी तपासणीत ठोकलेलीच दिसणार. आणि समजा कुणी डोळे मिटून पॉलिसी दिलीच, तरी तुम्ही अपघाताची तारीख बदललीत की मागून धडकलेल्या कारकडून मिळण्यासारखे पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलेत. त्या पैशांबद्दल तुम्ही प्रश्नात एक अक्षर विचारलेलं नाही, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीला दोन अपघात झाले आहेत. पुढचा तुमच्या चुकीचा, मागचा दुसऱ्याच्या. वर्कशॉपने दोन्हींचं मिळून एकच एस्टिमेट केलं, कारण त्यांच्या दृष्टीने गाडी एकच आहे. तुम्ही मला पाठवलेली यादी मी ओळ न ओळ बघितली. डिकी, मागचा बंपर, बॅक पॅनल, डावा टेल लाइट, पार्किंग सेन्सर आणि त्यांची मजुरी-पेंट मिळून ५८ हजार होतात. पुढचं सगळं १ लाख ३४ हजार. हे ५८ हजार मागच्या कारच्या थर्ड पार्टी विम्यातून मागायचा हक्क तुम्हाला आहे, कारण त्या कारच्या पॉलिसीसाठी तुम्ही थर्ड पार्टी आहात. तुमचं स्वतःचं ओन डॅमेज चालू होतं की नव्हतं याच्याशी त्या हक्काचा संबंध नाही. गेल्या २२ वर्षांत मोटर सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणारा माणूस, म्हणून मी इंदूर, देवास, धार भागात जेवढी कामं केली, त्यांत ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं मला फार थोडी भेटली. विमा नाही म्हटलं की लोक मान खाली घालून सगळं बिल भरून टाकतात.

त्या कारच्या नंबरप्लेटचा फोटो तुमच्याकडे आहे, हे फार बरं झालं. तोच नंबर एम-परिवहनवर टाका, विमा कंपनी आणि मुदत दिसेल. मग ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे लेखी अर्ज द्या. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं की २४ तासांत ठाण्याला कळवायचं असतं, कलम १३४ मध्ये तसं लिहिलंय. तो वेळ गेला, पण म्हणून जायचंच नाही असं करू नका. उशीर का झाला ते एका ओळीत लिहा. आपल्याकडे त्याची नोंद रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत होते, त्या नोंदीची नक्कल मागून घ्या.

नंतर त्या कारवाल्याला शांतपणे फोन करा. त्याला बहुधा वाटतंय की आपल्या खिशातून जाईल, किंवा आपला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जाईल. नो क्लेम बोनस जातो तो स्वतःच्या गाडीचा, ओन डॅमेजचा क्लेम घेतल्यावर. थर्ड पार्टीच्या क्लेमने त्याला धक्का लागत नाही. हे समजावून सांगितलं की निम्मी माणसं नरम येतात आणि पॉलिसीची प्रत देतात. नाहीच दिली तर त्याला आणि त्याच्या विमा कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, आणि मग मोटार अपघात दावा ट्रायब्युनल. तो जिल्हा न्यायालयात बसतो आणि तुम्ही जिथे राहता तिथे दावा लावता येतो, म्हणजे इंदूरलाच. कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा "बघू दिवाळीनंतर" असं करू नका. समोरचा वकील म्हणेल की तुम्हीच पिकअपला ठोकून एकदम थांबलात. म्हणू दे. मागच्याने अंतर ठेवून गाडी चालवायची हा रस्त्याचा नियम आहे. फार तर थोडी चूक तुमच्याकडे धरून रक्कम कमी करतील. निकालाला वेळ लागतो, त्यामुळे गाडी त्यासाठी अडवून ठेवू नका. दुरुस्त करून घ्या आणि मागच्या बाजूचं बिल वेगळं बनवून घ्या. वेगळं बिल, वेगळी पावती, वेगळे फोटो. एकत्र बिल असलं की कुठला बंपर कुणाच्या धक्क्याने गेला हे सिद्ध करण्यात वर्ष जातं.

आता पुढचे १ लाख ३४ हजार. हे तुमचेच आहेत, आणि इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायची आहे. विमा असतो तेव्हा गॅरेज आणि बिल यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, सर्व्हेअर. तो बोनेट उघडून बघतो, यादीवर पेन्सिल चालवतो, हा पार्ट बदलायचा, हा दुरुस्त होतो, ही मजुरी दोनदा लावलीय असं म्हणतो. विमा संपला की नुसता पैसा जात नाही, तो माणूसही जातो. मग वर्कशॉपचं छापील एस्टिमेट तुमच्या हातात येतं आणि तुम्ही त्याला शेवटचा शब्द समजता. ते तसं नसतं. त्या माणसाचं काम या वेळी तुम्हाला करायचं आहे. वर्कशॉपवाले लबाड असतात असं मी म्हणत नाही. त्यांची पद्धतच "जुना काढा, नवा लावा" अशी आहे. दुरुस्त केलेल्या पार्टची जबाबदारी घ्यायला त्यांना परवडत नाही.

पहिलं म्हणजे गाडी सुरू करू नका, पार्किंगमधून हलवण्यापुरतीही नाही. पुढून बसलेल्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळून गेलेलं असू शकतं. तशा गाडीचं इंजिन चार मिनिटं चाललं तरी त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकायचा धोका असतो, आणि मग एक लाखाचा हिशोब दोन लाखांवर जातो. दुसरं, आत्ताचं एस्टिमेट बाहेरून बघून केलेलं आहे. बंपर आणि ग्रिल काढून, गाडी खोलून दुसरी यादी मागा. खोलायच्या आधी चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या, प्रत्येकात नंबरप्लेट दिसेल असे, शिवाय मीटरचा आणि चॅसिस नंबरचा. खोलल्यावर पुन्हा तेच. गाडी तिथे दुरुस्त न करता उचलली तर एस्टिमेटचे पैसे आणि रोजचं पार्किंग किती लावणार, हे आजच विचारा. बऱ्याच ठिकाणी लावतात, आणि ते शेवटी कळलं की माणूस अडकतो.

तुमच्या यादीत उजवा हेडलाइट ९,२०० ला नवा दाखवलाय. फोटोत काच शाबूत आहे, आतली चांदी (रिफ्लेक्टर) शाबूत आहे, दिवा बसवायचे मागचे दोन कान तुटलेत. कान प्लॅस्टिक वेल्डिंगने किंवा रिपेअर किटने बसतात, दीड हजाराच्या आत काम होतं. डावा मात्र फुटलाय, तो नवाच घ्या. रेडिएटर ६,८०० ला आहे. त्याच्या फक्त जाळ्या वाकलेल्या दिसतात. प्रेशर टेस्ट करायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. प्रेशर टिकलं तर रेडिएटर बदलायचा नाही. त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर फाटलाय, तो बदलावाच लागेल, गॅसही भरावा लागेल. डाव्या फेंडरला धार पडलेली नाही, नुसता खळगा आहे. चांगला डेंटर तो काढून देईल, नव्यापेक्षा २,६०० तरी वाचतील. बोनेटला घडी पडलीय. घडी पडलेला पत्रा ठोकून सरळ करतात, पण तो कुलुपापाशी नीट बसत नाही. बोनेट नवा घ्या, कंपनीचाच घ्या.

मजुरीच्या ओळी नीट वाचा. पुढच्या बंपरचं काढणं-बसवणं एकदा डेंटिंगमध्ये लावलंय आणि एकदा पेंटमध्ये. बंपर काही दोनदा निघत नाही. पुढची मजुरी आणि पेंट मिळून ३८ हजार धरलेत. पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडकडच्या एखाद्या चांगल्या, रंगकामाची बंद खोली म्हणजे बूथ असलेल्या गॅरेजात हेच काम २४ हजारांच्या आसपास व्हायला हवं. ग्रिलची क्रोम पट्टी, फॉगलाइटची झाकणं असली ६,४०० ची कामं चार महिन्यांनी केलीत तरी बिघडत नाही.

हिशोब असा बसतो: १ लाख ३४ हजारांतून हेडलाइटचे ७,७००, रेडिएटरचे ६,८००, फेंडरचे २,६००, मजुरीचे १४,००० आणि पुढे ढकललेले ६,४०० काढा. साडेशहाण्णव हजार राहतात. त्यावर दहा हजार राखीव ठेवा, कारण गाडी खोलल्यावर काहीतरी निघतंच. पार्ट आणि मजुरी, दोन्हींवर आता १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ च्या आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. दुसरीकडून कोटेशन घ्याल तेव्हा ते जीएसटीसकट आहे का हे विचारूनच तुलना करा. पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय थोडं स्वस्त होईल, पण काम बिघडलं तर हातात काही उरणार नाही.

कुठे वाचवायचं नाही तेही सांगतो, आणि हे मी हात जोडून सांगतो आहे. बोनेटखाली दोन्ही बाजूंना लांब पोलादी लाँग मेंबर असतात, धक्का तेच पोटात घेतात. तुमच्या फोटोत डाव्या एप्रनवर, म्हणजे बोनेटखालच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर, पेंटला बारीक सुरकुती दिसतेय. ती सुरकुती म्हणजे आतला पत्रा हललाय. डोळ्यांनी सरळ दिसणं पुरेसं नाही, मोजायला लावा. अनुभवी मिस्त्री काय करतो बघा: डावीकडच्या पुढच्या बोल्टच्या भोकापासून उजवीकडच्या मागच्या भोकापर्यंत ट्रॅम गेज (अंतर मोजायची लांब पट्टी) लावतो, मग उलट तिरका लावतो. दोन्ही माप सारखं आलं तर ठीक. सात-आठ मिलिमीटरचा फरक आला तर गाडी सांगाडा सरळ करायच्या बेंचवर चढवून ओढावी लागते. हे काम झाल्याशिवाय नवीन बोनेट बसवूच देऊ नका. माप न घेता बसवलेलं बोनेट मी कितीदा बघितलंय: एका बाजूला फट बोटभर, दुसऱ्या बाजूला नख शिरत नाही, आणि गाडी सोडली की डावीकडे ओढते. लोअर आर्म, टाय रॉड, ब्रेक होज, बाजूला चीर गेलेला टायर या गोष्टींत जुना किंवा लोकल माल घालू नका.

तुमच्या एअरबॅग उघडल्या नाहीत, चांगलंच झालं. तरी पुढचे दोन्ही सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा. धक्क्याच्या वेळी पट्टा आवळणारा टेन्शनर फुटला असेल तर पट्टा अडकतो, आणि तो बेल्ट गेला म्हणून समजा, बदलायचाच. ज्यांच्या एअरबॅग उघडल्या आहेत त्यांच्यासाठी एक प्रसंग लिहून ठेवतो. काही वर्षांपूर्वी एक वापरलेली सेडान माझ्याकडे तपासणीला आली. मीटरवर एअरबॅगचा दिवा नीट लागून विझत होता. स्टीअरिंगचं झाकण काढलं तर आत बॅग नव्हतीच. कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर खोचून वर टेप मारलेली. गाडीच्या संगणकाला वाटत होतं, बॅग जागेवर आहे. घरातली दोन लहान मुलं त्या गाडीतून रोज शाळेत जात होती. एअरबॅग परवडत नसेल तर गाडी तशीच उभी ठेवा किंवा आहे त्या अवस्थेत विका, पण असला इलाज करू देऊ नका.

विकायचा विचार तुम्हाला करावा लागेल असं मला वाटत नाही. विमा कंपन्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी मोडीत धरतात. स्वतःच्या खिशातून करताना मी त्याआधीच थांबायला सांगतो, निम्म्यावरच. तुमच्या गाडीचा बाजारभाव त्या मानाने बराच वर आहे.

कंपनीची वॉरंटी अजून चालू आहे म्हणून तुम्हाला बाहेर जायची भीती वाटणं साहजिक आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना स्पेअर पार्ट आणि दुरुस्ती आपल्याच हातात ठेवल्याबद्दल दंड केला होता, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका असंही सांगितलं होतं. तरी मी तुम्हाला मधला मार्ग सुचवेन. कंडेन्सर, एसी, वायरिंग, सेन्सर हे कंपनीत करा, पत्रा आणि रंग बाहेर. बाहेरच्या गॅरेजकडून कामाची यादी, पार्ट कंपनीचा की लोकल, रंगाची हमी किती महिन्यांची, हे सगळं लेखी घ्या. आणि बदललेले जुने पार्ट परत मागा. ते तुमचे आहेत. डिकीत टाकून घरी आणा, मोजा, मग भंगारात द्या. काम बिघडलं आणि कुणी ऐकेना, तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथे फीसुद्धा लागत नाही.

आता आईची एफडी. मोडू नका, आणि कार्डावर रक्कम पुढे ढकलतही राहू नका. कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात, वर त्या व्याजावर जीएसटी. बँकेत जाऊन एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा. साधारण ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतो आणि व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज, आणि आईची ठेव जागेवर राहते. आईला आधी सगळं नीट सांगा, सही तिची लागेल. गाडीच्या कर्जाचा हप्ता एकही चुकवू नका. गाडी बंद आहे ही सबब बँक ऐकत नाही. उलट कर्ज असेपर्यंत पूर्ण विमा चालू ठेवायचा, हे तुम्ही बहुधा सही करून कबूल केलेलं आहे.

राहिला नवीन विमा. थर्ड पार्टी चालू असताना नुसतं ओन डॅमेज वेगळं घेता येतं, त्याच कंपनीकडून किंवा दुसऱ्या. संपल्यावर ९० दिवस उलटले, म्हणून नो क्लेम बोनस गेला, पहिल्यापासून सुरुवात होईल. तपासणी दुरुस्तीनंतरच करून घ्या. आत्ता केलीत तर सगळी नुकसानी कागदावर चढेल आणि तेवढी पॉलिसीतून वगळली जाईल. गाडी ज्या दिवशी ताब्यात घ्याल त्याच दिवशी, गॅरेजच्या दारातच व्हिडिओ काढून कंपनीच्या ॲपवर चढवा आणि पॉलिसी हातात आल्यावर रस्त्यावर आणा. थोडे पैसे जास्त घालून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घ्या. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि एअरबॅगचे ५० टक्के घसाऱ्यापोटी कापतात, आणि आजच्या गाडीचं अर्धं तोंड प्लॅस्टिकचंच असतं.

उद्या सकाळी ठाण्यातला अर्ज आणि विमा कंपनीचं पत्र, एवढी दोन कामं आधी उरका. गाडी खोलली की तिरक्या मापाचे दोन्ही आकडे आणि नवी यादी मला पाठवा. कुठल्या ओळीवर काट मारायची ते मी खूण करून देतो.